रशियन म्हणजे कोण? भूमी आणि सिंहासन यांच्यातील जुना वाद

१.
इ. स. १४७० च्या आसपास अफानासी निकितिन नावाचा एक व्यापारी कोकणातील चौल बंदरात उतरला. विकण्यासाठी त्याने सोबत एक घोडा आणला होता. घाट चढून तो जुन्नरला पोचला, तेव्हा तेथील अधिकारी असदखान याने घोडा ताब्यात घेतला आणि धर्म बदलल्यास घोडा परत मिळेल, वर मोहराही मिळतील, असे सांगितले. एका खुरासानी माणसाच्या रदबदलीने निकितिन त्यातून सुटला आणि पुढे बहमनी राजधानी बिदरला गेला. हा प्रसंग लिहिताना तो स्वतःला 'रुसिन' म्हणवतो. आज सर्वत्र त्याची ओळख 'रशियन प्रवासी' अशी करून दिली जाते. पण तो ज्या त्वेर नगरीचा रहिवासी होता, ती तेव्हा मॉस्कोच्या ताब्यात नव्हती. आजच्या अर्थाने 'रशिया' नावाचे राज्यच अस्तित्वात नव्हते. मग जुन्नरला अडवला गेलेला हा 'रुसिन' नेमका कोण? हा धागा त्या एका प्रश्नाचा आहे.

२.
निकितिनच्या टिपणांत एक विलक्षण जागा आहे. बहुतेक मजकूर त्याने स्वतःच्या भाषेत लिहिला. मायभूमीसाठी केलेली एक प्रार्थना मात्र तुर्की, फारसी आणि अरबी शब्दांच्या मिश्रणात लिहून ठेवली. तीत रुसच्या भूमीविषयी अपार माया आहे आणि लगोलग, तिच्यावर राज्य करणारे सरदार न्यायाने वागत नाहीत, ही खंतही आहे. ती परक्या भाषेच्या आडोशाने लिहिणे त्याला कदाचित सोपे वाटले असावे. तो घरी पोचलाच नाही. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कजवळ त्याचा मृत्यू झाला. १४८५ मध्ये मॉस्कोने त्वेर जिंकून घेतले. भूमीवर प्रेम आणि सिंहासनाविषयी साशंकता ही निकितिनची दुहेरी भावना रशियन इतिहासात पुढे पुन्हा पुन्हा भेटते.

३.
रशियन भाषेत या दुहेरीपणासाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत. 'रुस्की' म्हणजे रशियन लोकसमूहाचा, त्यांच्या भाषेचा, संस्कृतीचा. 'रोसिस्की' म्हणजे रशिया या राज्याचा. भाषा, साहित्य, लोककथा 'रुस्की' असतात. कायदा, पारपत्र, सैन्य 'रोसिस्की' असते. कझानचा तातार माणूस 'रोसिस्की' नागरिक आहे, पण 'रुस्की' नाही. मराठीत, इंग्रजीप्रमाणेच, या दोन्हींसाठी 'रशियन' हा एकच शब्द वापरला जातो आणि इथेच गोंधळ सुरू होतो. या धाग्याचे म्हणणे असे: रशियात साम्राज्य आधी घडले आणि राष्ट्राला स्वतःची ओळख त्या साम्राज्याच्या सावलीत शोधावी लागली. सिंहासनाने वारंवार 'मीच राष्ट्र' असा दावा केला. त्या दाव्याची किंमत शेजाऱ्यांनी मोजलीच. पण स्वतः रशियन सामान्य माणसानेही ती शतकानुशतके मोजली.

४.
आरंभ 'रुस' या नावापासून करावा लागतो. नवव्या-दहाव्या शतकांत बाल्टिक समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंतच्या नदीमार्गांवर स्कँडिनेव्हियन योद्धे-व्यापारी, स्लाव्ह शेतकरी आणि फिन्निक जमाती यांच्या सरमिसळीतून एक सत्ता उभी राहिली. बहुतेक अभ्यासकांच्या मते 'रुस' हे नाव मुळात त्या उत्तरेकडील नाविकांचे होते. ९११ मध्ये बायझंटाइन साम्राज्याशी झालेल्या करारात रुसच्या प्रतिनिधींची नावे बहुतांशी स्कँडिनेव्हियन आहेत. ९८८ मध्ये राजा व्लादिमीरने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या सत्तेचे केंद्र कीव्ह होते. मॉस्कोचा लेखी उल्लेख येतो तो ११४७ मध्ये, म्हणजे त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी.

५.
तेव्हा 'रशियाचा हजार वर्षांचा अखंड इतिहास' हे वाक्य ऐकताना थोडे थांबायला हवे. कीव्हचे रुस हे आजच्या रशिया, युक्रेन आणि बेलारूस या तिन्ही देशांचे समान पूर्वसंचित आहे. शार्लमेनचे साम्राज्य एकट्या फ्रान्सचे की एकट्या जर्मनीचे, हा प्रश्न जितका निरर्थक, तितकाच रुस कोणा एकाचे, हा प्रश्नही निरर्थक. १२४० मध्ये मंगोल सैन्याने कीव्ह उद्ध्वस्त केले आणि त्यानंतर या प्रदेशांच्या वाटा वेगळ्या झाल्या. नैर्ऋत्येकडचे बरेचसे मुलूख लिथुआनिया आणि पोलंड यांच्या छत्राखाली गेले. ईशान्येकडची संस्थाने मंगोल खानांना खंडणी देत राहिली. वारसा एक, पण वारस अनेक. वारसांपैकी एकाने संपूर्ण वाड्यावर नाव लावले की भांडण अटळ होते.

६.
मॉस्को हीच रशियन भूमीची एकमेव शक्यता होती का? उत्तरेकडचे नोवगोरोद याला नकार देते. तिथे 'वेचे' नावाची नागरिकांची सभा भरत असे. ती राजपुत्राला बोलावू शके आणि हाकलूनही देऊ शके. अर्थात धनिक घराण्यांचा वरचष्मा होता. ती आजच्यासारखी लोकशाही नव्हे. तरीही सत्ता कराराने चालते, ही जाणीव तिथे होती. १९५१ पासून तिथल्या चिखलात बर्च झाडाच्या सालीवर लिहिलेली हजाराहून अधिक पत्रे सापडली आहेत: उधारी, तक्रारी, लग्नाची बोलणी, आणि तेराव्या शतकातील ओन्फिम नावाच्या एका मुलाचा अक्षरगिरवा व चित्रे. १४७८ मध्ये मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने नोवगोरोद खालसा केले. सभेला बोलावणारी घंटा उतरवून मॉस्कोला नेली. एका शहराचा आवाज काढून घेण्याचे याहून नेमके चित्र इतिहासात क्वचित सापडते.

७.
मॉस्कोच्या एकछत्री सत्तेसाठी अनेकदा मंगोलांना जबाबदार धरले जाते आणि 'रशियन स्वभावच हुकूम मानणारा' असा निष्कर्ष काढला जातो. हे स्पष्टीकरण आळशी आहे. नोवगोरोदनेही खंडणी दिली होती, पण तिथली सभा टिकली. ती मोडली मॉस्कोने. १५४७ मध्ये चौथ्या इव्हानने 'झार' ही पदवी विधिवत धारण केली, १५५२ मध्ये कझान आणि १५५६ मध्ये आस्त्राखान जिंकले. म्हणजे रशियन भाषिकांचे एकसंध राष्ट्र घडण्याआधीच राज्यात तातार, चुवाश, मारी असे कितीतरी समूह सामील झाले होते. याच झारने १५७० मध्ये स्वतःच्याच राज्यातील नोवगोरोदमध्ये भीषण कत्तल घडवली. कझान परके होते. नोवगोरोद तर आपल्याच भाषेचे, आपल्याच धर्माचे होते. सिंहासनाला दोन्हींत फरक दिसला नाही.

८.
सतराव्या शतकाच्या आरंभी हे चित्र क्षणभर पालटले. राजघराणे संपले, दुष्काळ पडला, तोतये झार उभे राहिले, पोलिश सैन्य मॉस्कोत शिरले. तेव्हा निज्नी नोवगोरोदचा मांसविक्रेता कुझमा मिनिन याने वर्गणी जमवली, द्मित्री पोझार्स्की याने सेनापतिपद स्वीकारले आणि १६१२ मध्ये लोकसेनेने राजधानी सोडवली. १६१३ मध्ये विविध स्तरांच्या प्रतिनिधींच्या सभेने मिखाईल रोमानोव्हला झार निवडले. झार नसतानाही भूमी होती, तिने स्वतःला सावरले आणि मग झार निवडला. रशियन राष्ट्राच्या जन्माचा एखादा क्षण सांगायचाच असेल, तर तो हा. पण त्यानंतर अवघ्या छत्तीस वर्षांनी, १६४९ च्या कायदेसंहितेने पळून गेलेल्या कुळाला परत आणण्याची कालमर्यादा रद्द केली आणि शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जमीनमालकाशी बांधला गेला. राज्य वाचवणाऱ्या समाजाला राज्याने दिलेली ही परतफेड.

९.
त्याच शतकात मोठी धार्मिक फूट पडली. कुलगुरू निकोन याने प्रार्थनाविधींत बदल केले. क्रूसाची खूण दोन बोटांनी करायची की तीन, हा वाद वरवर किरकोळ वाटतो. पण सामान्य भाविकासाठी तो वाडवडिलांच्या श्रद्धेचा प्रश्न होता. १६६६-६७ च्या धर्मसभेने जुन्या पद्धतीला बहिष्कृत केले. धर्मगुरू अव्वाकुम याला १६८२ मध्ये जिवंत जाळण्यात आले. त्याने कैदेत लिहिलेले आत्मचरित्र बोलभाषेतील रशियन गद्याचा पहिला मोठा नमुना मानले जाते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की रशियन लोकभाषेचा हा ठसठशीत आवाज राज्याच्या दरबारातून आला नाही. तो राज्याने खोदलेल्या कैद्याच्या खड्ड्यातून आला.

१०.
पहिल्या पीटरने दरी आणखी रुंद केली. दाढीवर कर बसला. शेतकऱ्याला गावात सूट होती, पण दाढी राखून शहरात शिरताना पैसे मोजावे लागत. १७२१ मध्ये त्याने सम्राटपद घेतले. त्या पदवीत शब्द आला तो 'रुस'चा नव्हे, तर 'रोसिया'चा. ग्रीक वळणाचा, अधिक भारदस्त. देश आधुनिक झाला हे खरे. नौदल, विज्ञान अकादमी, नवी राजधानी ही कामगिरी नाकारता येत नाही. पण पुढच्या शंभर वर्षांत उमरावांची मुले फ्रेंचमध्ये विचार करू लागली आणि त्यांची जमीन कसणारी कुळे जुन्याच पोशाखात, जुन्याच भाषेत राहिली. एकाच देशात दोन समाज राहत होते आणि त्यांपैकी एक दुसऱ्याच्या मालकीचा होता.

११.
एकोणिसाव्या शतकात युरोपभर राष्ट्रवादाचे वारे वाहू लागले, तेव्हा झारशाहीलाही 'राष्ट्र' हवेसे वाटू लागले. १८३३ मध्ये शिक्षणमंत्री सर्गेई उवारोव्ह याने सूत्र मांडले: सनातन ख्रिस्ती धर्म, एकाधिकारशाही आणि राष्ट्रीयत्व. यातील तिसऱ्या शब्दाचा अर्थ कधीच स्पष्ट केला गेला नाही, कारण तो स्पष्ट केला असता तर राष्ट्र म्हणजे लोक, आणि लोक म्हणजे त्यांची इच्छा, इथवर मजल गेली असती. गमतीचा भाग असा की रशियन राष्ट्रीयत्वाच्या या अधिकृत सूत्राचा मूळ मसुदा उवारोव्हने फ्रेंचमध्ये लिहिला होता. ज्या लोकांच्या नावाने सिद्धान्त रचला गेला, त्यांतील दोन कोटींहून अधिक माणसे तेव्हा खासगी मालकीची भूदास होती.

१२.
याच सुमारास प्योत्र चादायेव याने रशियाच्या इतिहासावर कठोर टीका करणारे पत्र प्रसिद्ध केले (१८३६). सम्राट पहिल्या निकोलसने त्याला वेडा ठरवले. विरोधकाला गुन्हेगार ठरवण्यापेक्षा वेडा ठरवणे सोयीचे असते, ही युक्ती पुढच्या शतकातही वापरली गेली. त्या पत्रानंतर वाद पेटला. पाश्चात्त्यवाद्यांना युरोपची वाट हवी होती. स्लाव्हवाद्यांना पीटरपूर्व काळातील ग्रामसमाज आणि श्रद्धा यांत रशियाचा आत्मा दिसे. स्लाव्हवादी कोन्स्तान्तिन अक्साकोव्ह 'अस्सल रशियन' वेश घालून मॉस्कोत फिरू लागला, तेव्हा लोकांना तो इराणी वाटला, अशी थट्टा चादायेव करीत असे. थट्टेतील मर्म मात्र गंभीर आहे: राष्ट्र शोधायला निघालेल्या विद्वानाला राष्ट्रातील माणसेच ओळखत नव्हती.

१३.
राष्ट्र सापडले ते भाषेत. अलेक्सांद्र पुश्किनचे पणजोबा आफ्रिकेतून आणले गेले होते. त्याच्या कानावर लोकभाषेतील कथा पडल्या त्या भूदास दाई अरीना रोदिओनोव्हना हिच्याकडून. प्रचंड रशियन शब्दकोश रचणारा व्लादिमीर दाल हा डेन्मार्कहून आलेल्या वैद्याचा मुलगा. दालने आयुष्यभर गावोगावचे शब्द टिपले. १८६३ ते १८६६ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कोशात सुमारे दोन लाख शब्द आहेत. या दोन माणसांचा वंश पाहिला तर 'रक्ताने रशियन' ही कल्पना किती तकलादू आहे ते कळते. जो ही भाषा आपली मानतो, तिच्यात हसतो-रडतो, तो रशियन. ही व्याख्या उदार होती आणि ती कोणत्याही फर्मानाने दिलेली नव्हती.

१४.
मात्र ही भाषा शस्त्र म्हणूनही वापरली गेली, हे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. साम्राज्याच्या हिशेबात 'रशियन' लोकांचे तीन पोटभेद होते: महारशियन, लघुरशियन आणि बेलारूशी. लघुरशियन म्हणजे आजचे युक्रेनी. १८९७ च्या जनगणनेत मातृभाषेनुसार महारशियन ४४ टक्क्यांच्या आसपास भरले. बाकीचे दोन गट मिळवले की आकडा ६६ टक्क्यांपलीकडे जाई. म्हणजे युक्रेनी वेगळे राष्ट्र मानले, तर साम्राज्यात रशियन अल्पसंख्य ठरत होते. १८६३ चे वालुयेव्ह परिपत्रक आणि १८७६ चा एम्स हुकूमनामा यांनी युक्रेनी भाषेतील छपाईवर कडक निर्बंध आणले, त्यामागे हे भय होते. ज्याला स्वतःच्या बहुसंख्येसाठी दुसऱ्याची भाषा पुसावी लागते, त्याच्या राष्ट्रवादाचा पाया डळमळीतच असतो.

१५.
१९१७ नंतर सारे बदलेल असे वाटले. लेनिनने 'महारशियन अहंगंडा'वर उघड टीका केली. १९२२ मध्ये प्रजासत्ताकांचा संघ स्थापन झाला. सोव्हिएत रचनेत रशियनांचे स्थान विचित्र होते. बाकीच्या प्रजासत्ताकांना स्वतःचे कम्युनिस्ट पक्ष आणि कालांतराने स्वतःच्या विज्ञान अकादमी मिळाल्या; रशियन प्रजासत्ताकाला १९९० पर्यंत स्वतंत्र पक्ष नव्हता. कारण सत्ता मॉस्कोतच होती. रशियन हे संघाचे मालकही होते आणि संघात बेपत्ताही. १९३२ मध्ये अंतर्गत पारपत्रे सुरू झाली, त्यांत प्रत्येकाचे राष्ट्रीयत्व नोंदले गेले. सामूहिक शेतीवरील बहुसंख्य शेतकऱ्यांना मात्र ती सरसकट देण्याचा निर्णय व्हायला १९७४ साल उजाडले. तोवर परवानगीशिवाय गाव सोडणे कठीण होते. कथित अग्रणी राष्ट्राचा खेडूत पुन्हा एकदा जमिनीला बांधलेला होता.

१६.
युद्धाच्या छायेत स्टालिनने जुने रशियन वीर परत आणले. १९३८ मध्ये आयझेनस्टाइनचा 'अलेक्सांद्र नेव्हस्की' हा चित्रपट आला. २४ मे १९४५ रोजी क्रेमलिनमधील विजयसोहळ्यात स्टालिनने रशियन जनतेच्या नावाने खास पेला उंचावला आणि तिच्या सहनशीलतेची स्तुती केली. त्या युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गेली. त्यांत रशियन होते तसेच युक्रेनी, बेलारूशी, ज्यू, तातार, कझाक, जॉर्जियनही होते. त्या शौर्याविषयी आदर बाळगूनही एक प्रश्न उरतो. राज्यकर्ता जेव्हा जनतेच्या सहनशीलतेचे कौतुक करतो, तेव्हा ती नेमके काय सहन करीत आली, हे तो सांगत नाही. १९३७-३८ या दोन वर्षांत सरकारी नोंदींनुसारच सुमारे ६ लाख ८० हजार माणसांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या.

१७.
१९८९ च्या जनगणनेत सोव्हिएत संघात रशियन जेमतेम ५१ टक्के होते. १२ जून १९९० रोजी रशियन प्रजासत्ताकाने आपले सार्वभौमत्व घोषित केले. तो दिवस आज 'रशिया दिन' म्हणून पाळला जातो. पण सार्वभौमत्व कोणापासून? रशिया जणू स्वतःच्याच साम्राज्यातून बाहेर पडला. १९९१ च्या अखेरीस संघ संपला आणि सुमारे अडीच कोटी रशियन माणसे घर न बदलता परदेशात जाऊन बसली. हे दुःख खोटे नव्हते. १९९३ च्या राज्यघटनेने देशातील जनतेला 'बहुराष्ट्रीय' म्हटले आणि नागरिकत्वावर उभी असलेली 'रोसिस्की' ओळख घडवण्याची वाट मोकळी केली. ब्रिटन, फ्रान्स यांनीही साम्राज्ये गमावून राष्ट्रे राखली होती. रशियालाही तसे करता आले असते.

१८.
घडले वेगळेच. ४ नोव्हेंबर २०१६ रोजी क्रेमलिनच्या भिंतीशेजारी राजा व्लादिमीरचा भव्य पुतळा उभारण्यात आला. व्लादिमीरने राज्य केले कीव्हमध्ये आणि तिथे त्याचा पुतळा १८५३ पासून द्नीपर नदीकाठी उभा आहे. २०२० च्या घटनादुरुस्तीत रशियन ही 'राज्यघडवणाऱ्या लोकसमूहाची भाषा' असल्याचा उल्लेख आला. जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष व्लादिमीर पुतिन यांनी लेख लिहून रशियन आणि युक्रेनी हे एकच लोक असल्याचे प्रतिपादन केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रणगाडे निघाले. १८६३ च्या परिपत्रकातील विचार आणि २०२१ च्या लेखातील विचार यांत दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. तर्क मात्र तोच आहे. इतिहासाचा अभ्यास निरुपद्रवी छंद आहे असे मानणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण ध्यानात ठेवावे.

१९.
यावर एक रास्त आक्षेप आहे. सगळीच राष्ट्रे घडवलेली असतात. फ्रान्सनेही ब्रेतों आणि ऑक्सितान भाषा दडपल्या, मग रशियालाच वेगळा न्याय का? आक्षेपात तथ्य आहे आणि म्हणूनच रशियन माणसाला जन्मजात हुकूमप्रिय ठरवणारी मांडणी फेकून द्यायला हवी. नोवगोरोदची सभा, १६१२ ची लोकसेना, १८६४ नंतरच्या 'झेम्स्त्वो' या स्थानिक मंडळांनी बांधलेल्या शाळा आणि दवाखाने हे सारे रशियनच होते. फरक स्वभावात नाही, घटनाक्रमात आहे. इतरत्र समाजाने राज्याकडून हळूहळू हक्क मिळवले आणि त्या झगड्यातून राष्ट्र घडले. रशियात प्रत्येक वेळी समाज उभा राहू लागला की राज्य विस्तारले आणि विस्ताराचा अभिमान हक्कांच्या जागी देण्यात आला.

२०.
या गोंधळात मराठी वाचकाचाही थोडा वाटा आहे. सोव्हिएत संघाला मराठीत सर्रास 'रशिया' म्हटले गेले. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये सोव्हिएत संघात गेले, तरी त्यांच्या प्रवासवर्णनाचे नाव 'माझा रशियाचा प्रवास' असेच आहे. तेव्हाचा रूढ शब्दच तो होता. किरगीझ लेखक चिंगीझ ऐतमातोव्ह मराठीत 'रशियन लेखक' ठरला, युक्रेनमध्ये जन्मलेल्या गोगोलची जन्मभूमी कुणी विचारली नाही. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. पण पंधरा प्रजासत्ताकांना एकच नाव दिले की चौदांची ओळख पुसली जाते आणि पंधराव्याची, म्हणजे खुद्द रशियनांची, ओळखही साम्राज्यात विरघळून जाते. नकाशावरचे नाव आणि माणसाची ओळख यांत फरक करणे, ही इतिहास वाचण्याची पहिली शिस्त.

२१.
मॉस्कोत लुब्यान्का चौकात, सुरक्षायंत्रणेच्या मुख्यालयासमोर, एक मोठा दगड आहे. तो सोलोव्हेत्स्की बेटांवरून आणून १९९० मध्ये तिथे ठेवला गेला. सोव्हिएत छळछावण्यांची सुरुवात त्या बेटांवर झाली होती. २००७ पासून दर २९ ऑक्टोबरला 'मेमोरियल' या संस्थेच्या पुढाकाराने लोक तिथे रांगेत उभे राहत आणि मारल्या गेलेल्यांची नावे वाचत: नाव, वय, व्यवसाय, गोळी घातल्याची तारीख. सुतार, कारकून, धर्मगुरू, शिक्षिका. नावांत रशियन होते, पोलिश होते, ज्यू होते, तातार होते, युक्रेनी होते. थंडीत तासन्‌तास थांबून माणसे दोन-चार नावे वाचत आणि शेवटी अनेकजण आपल्या घरातले एखादे नाव जोडत. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने ही संस्था बरखास्त करण्याचा आदेश दिला. त्यानंतरच्या वर्षांत त्या दगडापाशी जाहीर वाचनाला परवानगी मिळालेली नाही.

२२.
रशियन राष्ट्र कुठे आहे, असे कुणी विचारले तर पुतळ्याकडे बोट दाखवता येईल किंवा त्या रांगेकडे. पुतळा सांगतो की राष्ट्र म्हणजे राजा आणि त्याने मिळवलेला मुलूख. रांग सांगते की राष्ट्र म्हणजे एकमेकांच्या मृतांची नावे उच्चारणारी माणसे, मग ती नावे कोणत्याही भाषेतली असोत. जगाने पहिले उत्तर खरे मानले, तर ते रशियन सिंहासनाचा दावाच मान्य करण्यासारखे होईल. दुसरे उत्तर जुने आहे. साडेपाचशे वर्षांपूर्वी बिदरपर्यंत पोचलेल्या त्वेरच्या एका व्यापाऱ्याला ते ठाऊक होते. त्याने आपल्या भूमीसाठी मोठे साम्राज्य मागितले नव्हते. तिथे न्याय नांदावा, एवढेच मागितले होते. ते मागणे अजून पुरे व्हायचे आहे.